छापखान्याचा फाइल सर्व्हर: एका सामायिक पासवर्डपासून स्वतंत्र खात्यांपर्यंत

पार्श्वभूमी

पुण्याच्या पेठांमधला एक मध्यम आकाराचा ऑफसेट छापखाना. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग तसाच ठेवला आहे. एप्रिल-मेमध्ये शाळेची गाइडं, जूनपासून पतसंस्था आणि सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल, गणपती उठले की दिवाळी अंक आणि त्यांच्या पाठोपाठ कॅलेंडरं, असं या छापखान्याचं वर्ष. तीस-चाळीस नेहमीचे ग्राहक, त्यातले बरेचसे कोल्हापूर, सांगली, नाशिक, सोलापूरचे. दोनशे पानांचा रंगीत अंक म्हटला की छपाईची पीडीएफ चार-पाचशे एमबीच्या घरात जाते; मूळ फाइली आणि फोटो धरले तर काही जीबी. ईमेलने हे जात नाही. म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी प्रीप्रेस (छपाईआधीच्या तयारीच्या) विभागातल्या एका विंडोज मशीनवर एफटीपी सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून फाइली टाकायची-उतरवायची जागा, बसवून दिला होता, राउटरमधून त्याला वाट काढून दिली होती, आणि तो बसवणारा पुढे नोकरी सोडून गेला होता.

एक युजर, एक पासवर्ड. युजरचं नाव 'प्रेस', पासवर्ड म्हणजे छापखान्याचं नाव आणि पुढे १२३. नवीन ग्राहक आला की रिसेप्शनवरून दोन्ही व्हॉट्सॲपने जायचं. आत शिरलं की सगळ्या ग्राहकांचे फोल्डर एकाखाली एक दिसायचे. ज्याने त्याने आपल्या फोल्डरमध्ये टाकावं, एवढाच नियम. त्यात कधीतरी एका ग्राहकाला लॉगिन जमेना आणि काम तर रात्रीच हवं होतं, म्हणून 'अनॉनिमस', म्हणजे बिननावाचा, बिनपासवर्डचा प्रवेश चालू केला गेला, तोही लिहिण्याच्या परवानगीसकट. तो बंद करायचं मग कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

एफटीपीला दोष देण्याआधी त्याचं वय पाहावं. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ (नेटवर्कच्या नियमांचा एक दस्तऐवज) लिहून त्याचा पाया घातला. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन केंद्रं होती, एकमेकांना ओळखणारी. आज चालतं ते रूप ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ चं. त्यात युजरचं नाव, पासवर्ड आणि फाइल, तिन्ही उघड्या मजकुरात जातात. २०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनीही एफटीपीचा आधार काढून टाकला. छापखान्याला त्याची खबर एवढीच लागली की 'ब्राउजरमधून उघडत नाही' असे फोन यायला लागले आणि सगळ्यांना फाइलझिला हा एफटीपीचा प्रोग्राम टाकायला सांगितलं गेलं.

अडचण कशी उघडकीस आली

मे २०२४ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या.

पहिली यंत्रातली. प्लेट काढण्याआधी पानांचे ठिपके पाडणारं आरआयपी सॉफ्टवेअर ज्या मशीनवर चालतं, ते मशीन अचानक रडायला लागलं. नेहमी झटपट होणारा फॉर्म तासभर लटकायचा, पंखा सतत घरघरायचा. टास्क मॅनेजरमध्ये एक अनोळखी प्रोग्राम सगळा प्रोसेसर खात बसलेला दिसला. माग काढत गेल्यावर तो एफटीपीपर्यंत पोचला. जवळजवळ प्रत्येक ग्राहकाच्या फोल्डरमध्ये 'फोटो' नावाची एक गोष्ट होती, चिन्ह पिवळ्या फोल्डरचं. प्रत्यक्षात तो फोल्डर नव्हता, 'फोटो डॉट एससीआर' नावाची चालणारी फाइल होती. ओळखीची एक्स्टेंशनं विंडोज आपणहून लपवतं, त्यामुळे मागचं एससीआर दिसत नव्हतं. रात्रपाळीच्या ऑपरेटरने त्यावर डबलक्लिक केलं. अंकाच्या फोल्डरात फोटोंचा फोल्डर असायचाच. त्याचं काय चुकलं?

हा प्रकार नवा नाही. सोफॉस या कंपनीने २०१६ मध्येच त्याबद्दल लिहिलं होतं: उघडे एफटीपी सर्व्हर शोधायचे, लिहायची परवानगी मिळेल तिथे स्वतःची प्रत टाकून ठेवायची, आणि कुणी ती उघडली की त्या मशीनवर मोनेरो हे आभासी चलन खणायला लागायचं.

दुसरी गोष्ट फोनवर घडली. गाइड काढणाऱ्या एका प्रकाशकाच्या डीटीपी ऑपरेटरने प्रीप्रेस सांभाळणाऱ्या ताईंना बोलता बोलता सांगितलं, "ताई, त्यांचं दहावी विज्ञान फायनल झालं वाटतं? मांडणी चांगली केलीय." 'त्यांचं' म्हणजे प्रतिस्पर्धी प्रकाशकाचं, अजून बाजारात न आलेलं. तो चोरी करायला गेला नव्हता. फोल्डर दिसला, उघडला.

मालकांना मालवेअरचं फार काही वाटलं नव्हतं. मशीन फॉरमॅट मारलं की विषय संपला. या फोनने मात्र त्यांची झोप उडाली. गाइडांच्या धंद्यात आठवडाभर आधी समोरच्याचं पुस्तक कळणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय काही पतसंस्था अहवालासोबत सभासदांची नावं-पत्त्यांची यादीही पाठवायच्या, पाकिटांवरची लेबलं छापायला. तीही त्याच सर्व्हरवर, त्याच पासवर्डमागे.

इथे निर्णयाची पहिली जागा आली. सर्व्हर त्या दिवशीच बंद करायचा का? गाइडांचा हंगाम ऐन भरात होता. ठरलं असं: अनॉनिमस प्रवेश तत्काळ बंद, चालणाऱ्या सगळ्या फाइली साफ, संसर्ग झालेलं मशीन नव्याने उभं करायचं, पण सामायिक पासवर्ड हंगाम संपेपर्यंत तोच. पहिल्या तीन गोष्टी बरोबर होत्या. चौथीबद्दल मतभेद झाले आणि मालकांचं म्हणणं चाललं.

एक कायदेशीर बाजूही होती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनांची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि ती जबाबदारी कंपन्यांवरही आहे. छापखान्यात हे कुणाच्या गावीही नव्हतं. नियम कळला तोवर मुदत टळून गेली होती. 'आता कशाला अंगावर ओढवून घ्यायचं' असा सूर निघाला, पण सीएंनी आग्रह धरला आणि उशिराने का होईना, कळवलं गेलं.

कोणते पर्याय होते

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे आहे तोच एफटीपी ठेवून प्रत्येक ग्राहकाला वेगळा युजर देणं. याने गाइडवाला प्रश्न सुटत होता, पण पासवर्ड उघड्यावर जाणं तसंच राहत होतं.

दुसरा, एफटीपीएस, म्हणजे त्याच एफटीपीवर टीएलएसचं, मजकूर कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करणारं कवच. वरवर पाहता हे सोपं. पण एफटीपीत आदेशांची जोडणी वेगळी आणि फाइलची वेगळी असते. फाइलसाठीचं पोर्ट (जोडणीचं क्रमांक असलेलं दार) दरवेळी नव्याने ठरतं. साध्या एफटीपीत बरेच राउटर आदेशांवर नजर ठेवून ते पोर्ट आपणच उघडून देतात. आदेश कूटबद्ध झाले की राउटरला काही वाचता येत नाही, आणि मग पोर्टांचा एक अख्खा पट्टा कायम उघडा ठेवावा लागतो. दोन ग्राहकांकडे चाचणी घेतली. लॉगिन व्हायचं, फोल्डरची यादी मात्र यायची नाही. एफटीपीएस बसवलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं असेल.

तिसरा, गूगल ड्राइव्हसारखी सेवा. निम्मे ग्राहक तसेही ती वापरत होते आणि मालकांचा मुलगा याच बाजूचा होता. अडचण अशी की प्रत्येक फाइल कुणाच्या तरी खासगी खात्यातून येते, 'ॲक्सेस रिक्वेस्ट' पाठवून माणूस झोपलेला असतो, आणि फाइल आपोआप प्रीप्रेसच्या रांगेत लागत नाही. कुणीतरी बसून उतरवावी लागते. अगदी छोट्या, वर्षातून एकदा येणाऱ्या ग्राहकांसाठी हा मार्ग चालू ठेवायचं ठरलं.

चौथा, तयार व्यावसायिक उत्पादन विकत घेणं. किंमत झेपणारी नव्हती, हे पहिलं कारण. पण 'महागडं म्हणजे सुरक्षित' हे गृहीतही नुकतंच डळमळलं होतं: मे २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल हस्तांतराच्या उत्पादनातली एसक्यूएल इंजेक्शनची (डेटाबेसला फसवे आदेश देऊ देणारी) त्रुटी वापरून क्लॉप टोळीने जगभरातल्या संस्थांचा डेटा उचलला होता. जिथे सगळ्यांच्या फाइली येऊन पडतात ती जागा चोरांनाही सोयीची असते, मग ती हजाराची असो की कोटीची.

पाचवा, एसएफटीपी. हे एसएसएच या, दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनच्या पद्धतीवर चालतं. फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, त्याच कुळातलं. लॉगिन, आदेश, फाइल, सगळं एकाच कूटबद्ध जोडणीतून, पोर्ट २२ वरून. सर्व्हरसाठी ओपनएसएसएच फुकट मिळतं आणि ग्राहकांकडे आधीच असलेली फाइलझिला किंवा विनएससीपी हा तसाच प्रोग्राम चालतात. हाच पर्याय निवडला.

तो छापखान्यात ठेवायचा की बाहेर, हा उपप्रश्न. पेठेतली वीज आणि ब्रॉडबँड पाहता मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा उबंटू सर्व्हर भाड्याने घेतला. त्याचा मोठा फायदा निराळाच निघाला: छापखान्याच्या राउटरमधून आत यायची एकही वाट उघडी ठेवायची गरज उरली नाही.

उभारणी

सर्व्हर चालू झाल्यावर पहिल्यांदा लॉग (नोंदींची फाइल) उघडला तेव्हा 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' या नावांनी लॉगिनचे प्रयत्न रांग लावून उभे होते. अजून कुणालाही पत्ता दिलेला नव्हता. इंटरनेटवर असं सतत चाललेलंच असतं. पण मालकांना तो पडदा मुद्दाम दाखवला, आणि पुढच्या कामांना मंजुरी मिळायला मग वेळ लागला नाही.

प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र खातं, आणि प्रत्येक खातं 'चरूट' करून आपल्याच खोलीत कोंडलेलं. ग्राहक आत आला की त्याला दोनच फोल्डर दिसतात: 'आवक' आणि 'जावक'. आवकमध्ये तो फाइली टाकतो. जावकमध्ये छापखाना प्रूफ ठेवतो, ते ग्राहकाने फक्त उतरवायचं. कार्यालयीन रजिस्टरांची ही नावं ताईंनी सुचवली आणि कुणालाही एका शब्दानेही समजावून सांगावं लागलं नाही.

चरूटचा एक नियम नवशिक्याला हमखास अडवतो. कोंडायच्या फोल्डरची आणि त्याच्या वरच्या प्रत्येक फोल्डरची मालकी रूटकडे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याकडे हवी, आणि तिथे दुसऱ्या कुणालाही लिहायची परवानगी नको. हे चुकलं तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी लगेच तुटते आणि ग्राहकाच्या पडद्यावर कारण येत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' अशी स्पष्ट ओळ असते. म्हणूनच ग्राहकाला थेट त्या कोंडलेल्या फोल्डरात लिहू न देता आत आवक-जावक असे फोल्डर करावे लागतात.

खात्यांच्या गटाला 'इंटर्नल-एसएफटीपी' सक्तीचं केलं, म्हणजे आदेश चालवायला शेल मिळतच नाही. तेवढ्यावर थांबणारे बरेच असतात. पण टीसीपी फॉरवर्डिंग वेगळं बंद करावं लागतं. ते चालू राहिलं तर केवळ फाइली टाकायला दिलेल्या खात्यातून सर्व्हरमार्गे दुसऱ्या मशीनकडे बोगदा काढता येतो, शेल असो वा नसो. हे बंद केलं, एक्स-११ आणि टनेलही बंद केलं, रूटचं लॉगिन बंद केलं, आणि व्यवस्थापनाचं खातं पासवर्डऐवजी फक्त किल्लीवर ठेवलं. ही किल्ली म्हणजे दोन फाइलींची जोडी: सार्वजनिक भाग सर्व्हरवर, खासगी भाग स्वतःकडे. ग्राहकांच्या सार्वजनिक किल्ल्या त्यांच्या फोल्डरात न ठेवता रूटच्या ताब्यातल्या वेगळ्या जागी ठेवल्या, नाहीतर खात्यात शिरलेला माणूस स्वतःची किल्लीही तिथे टाकून जाऊ शकतो.

पोर्ट २२ बदलायचं का, यावर बरीच चर्चा झाली. बदललं की लॉगमधली गर्दी कमी होते, खरी सुरक्षा फारशी वाढत नाही. शिवाय एका बँकेच्या छपाई विभागातून बाहेर जाणारं २२ उघडं होतं आणि दुसरं पोर्ट उघडायला त्यांना वरिष्ठांची मंजुरी लागणार होती. २२ च ठेवलं.

चरूटमुळे लॉगचाही एक गुंता होतो. कोण कधी आलं हे नेहमीच्या लॉगमध्ये दिसतं, पण कोणती फाइल टाकली किंवा पुसली याच्या नोंदी कोंडलेल्या खोलीतून बाहेर पोचत नाहीत, कारण आत लॉगचं सॉकेट (नोंदी बाहेर पाठवायची खिडकी) नसतं. प्रत्येक खोलीत ते सॉकेट तयार करून आरसिसलॉग या नोंदी गोळा करणाऱ्या प्रोग्रामला तिथे ऐकायला लावलं. हे काम कंटाळवाणं आहे, टाळावंसं वाटतं. पण 'आम्ही फाइल टाकली होती, तुम्हीच हरवलीत' हा वाद छापखान्यात दर हंगामात होतो, आणि तो या एका नोंदीने मिटतो. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवण्याची सोयही तेव्हाच करून घेतली.

फाइली छापखान्यात येतात त्या छापखान्याने ओढून घेतल्यावर. प्रीप्रेसमधलं एक लिनक्स मशीन ठरावीक वेळाने मुंबईच्या सर्व्हरला विचारतं, पीडीएफ, टिफ, इनडिझाइन, झिप अशा ठरलेल्या प्रकारांच्याच फाइली उतरवतं, क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसने तपासतं आणि मग आरआयपीच्या रांगेत ठेवतं. सर्व्हरकडे छापखान्याचा कोणताही पासवर्ड नाही. तो उद्या कुणाच्या ताब्यात गेला तरी तिथून आत यायला वाट नाही. माझ्या मते या सगळ्या उभारणीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच, आणि तो कूटबद्धतेचा नव्हे, जोडणी कुणी कुणाकडे करायची याचा होता.

सर्व्हर उभा राहतोय तोच १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने 'रिग्रेशन' ही ओपनएसएसएचमधली त्रुटी जाहीर केली: लॉगिन न करताच रूटचा ताबा मिळू शकेल अशी. आवृत्ती ८.५ पासून ९.८ च्या आधीपर्यंतच्या लिनक्सवरच्या आवृत्त्यांना ती लागू होती आणि आपल्या उबंटूवर ८.९ होती. मालकांचा पहिला प्रश्न, "मग जुनाच बरा होता का?" सुरक्षा अद्यतनं आपोआप बसण्याची सोय चालू होती, त्यामुळे दुरुस्ती बसलेली होती, फक्त जाऊन खात्री केली. जुन्या विंडोज मशीनवरच्या एफटीपीला मात्र बसवल्यापासून एकही अद्यतन मिळालेलं नव्हतं, हेच त्या प्रश्नाचं उत्तर.

ग्राहकांना नव्या जागी आणणं

तांत्रिक काम इथे संपलं आणि खरं काम सुरू झालं.

किल्ली की पासवर्ड? मोठ्या ग्राहकांना किल्ली सक्तीची केली. विनएससीपीसोबत येणाऱ्या पुटीजेनमध्ये एड२५५१९ प्रकारची किल्ली ग्राहकाने आपल्याच मशीनवर बनवायची आणि वरच्या चौकटीतला सार्वजनिक भाग पाठवायचा. तो व्हॉट्सॲपवर आला तरी हरकत नाही. छापखान्यानेच सगळ्यांच्या किल्ल्या बनवून पाठवाव्यात, असाही प्रस्ताव होता. तो नाकारला, कारण मग खासगी किल्ली ईमेलच्या इनबॉक्सात पडून राहिली असती. तरीही सांगलीच्या एका ऑपरेटरने उत्साहाने पीपीके फाइलच व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली. ती खासगी किल्ली. ती रद्द करून नवी बनवून घेतली, आणि सूचनापत्रात त्या चौकटीचं चित्र लाल वर्तुळासह छापलं.

छोट्या ग्राहकांना पासवर्ड चालू ठेवला, पण तो सर्व्हरनेच बनवलेला, लांबलचक, आणि फोनवर सांगितलेला. ही तडजोड होती. सत्तरी ओलांडलेले एक संपादक स्वतःच अंकाच्या फाइली टाकतात. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "अहो, मला किल्लीबिल्ली सांगू नका, मी रिक्षाने पेनड्राइव्ह घेऊन येतो." पेनड्राइव्हपेक्षा पासवर्ड बरा.

दुसरा पेच एका डीटीपीवाल्याचा. जुन्या लिपी सॉफ्टवेअरसाठी आणि पेजमेकरसाठी त्याने विंडोज एक्सपीचं मशीन जपून ठेवलं होतं. त्यावरची विनएससीपी इतकी जुनी की सर्व्हरशी तिची बोलीच जुळेना, कारण ओपनएसएसएचने ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, ओळख पटवण्याच्या, एसएचए-१ वरच्या जुन्या आरएसए सह्या आपणहून बंद केल्या आहेत. सर्व्हरवर जुने प्रकार पुन्हा चालू करणं एका ओळीचं काम होतं आणि ताईंचा तसा आग्रहही होता. ग्राहक वीस वर्षांपासूनचा होता. पण एका मशीनसाठी सगळ्यांचा दरवाजा सैल करायला नकार दिला. त्याच्या मुलीच्या लॅपटॉपवर विनएससीपी टाकून दिली. एक्सपीवरून पीडीएफ पेनड्राइव्हने लॅपटॉपवर, तिथून सर्व्हरवर.

पहिल्या जोडणीत सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून 'हाच का?' असं विचारलं जातं आणि सगळे न वाचता होकार देतात. छापखानाच तो, ठसा एका छोट्या कार्डावर छापून डिलिव्हरी चलनासोबत पाठवला. किती जणांनी जुळवून पाहिला कोण जाणे, पण दोघांचे 'शेवटचं अक्षर स्मॉल आहे की कॅपिटल?' असे फोन आले. सर्व्हरची ही किल्ली बॅकअपमध्येही ठेवली आहे, म्हणजे सर्व्हर नव्याने उभारावा लागला तरी चाळीस जणांच्या पडद्यावर लाल इशारा येणार नाही.

जुनं एफटीपी केव्हा बंद करायचं, यावर सर्वांत जास्त ओढाताण झाली. 'दिवाळी होऊ दे' हे ताईंचं मत. 'दिवाळीच्या गर्दीत कुणीही जुन्याच रस्त्याने येईल आणि दोन्हीकडे शोधत बसावं लागेल' हे आमचं, नवा सर्व्हर उभारणाऱ्यांचं. शेवटी विसर्जनाची मिरवणूक आटोपल्यावर, १९ सप्टेंबरला बंद करायचं ठरलं. पितृपक्ष लागलेला. मालकांच्या आईंनी विचारलं, तेव्हा नवीन काही सुरू करत नसून जुनं बंद करतोय, असं सांगितल्यावर हरकत मिटली.

निष्पत्ती

दिवाळी अंकांचा हंगाम नव्या सर्व्हरवर पार पडला. एका ग्राहकाला दुसऱ्याचं काही दिसल्याची तक्रार आली नाही. 'फोटो' नावाचे पिवळे फोल्डरही आले नाहीत. अनोळखी प्रकारची फाइल आलीच तरी ती आत ओढली जात नाही. पण सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका अंकाची शेवटची काही पानं कोरी आली. प्लेट निघण्याआधी पकडलं म्हणून निभावलं. कारण असं: विनएससीपी मोठी फाइल चढवताना तिच्या नावामागे 'फाइलपार्ट' लावते आणि पूर्ण झाल्यावर ते काढते, त्यामुळे अर्धवट फाइल ओळखता येते. फाइलझिला असं करत नाही. पहिल्या बाइटपासून फाइल खऱ्या नावाने दिसते. ओढून घेणाऱ्या मशीनने अर्धीच पीडीएफ उचलली होती. आता एखाद्या फाइलचा आकार सलग काही फेऱ्यांत स्थिर दिसला आणि पीडीएफचा शेवट जागेवर असला, तरच ती आत येते.

त्याच आठवड्यात नाशिकच्या एका प्रकाशकाचं अख्खं ऑफिस बाहेर फेकलं गेलं. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर त्या मशीनचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) रोखणारं फेल-टू-बॅन चालू होतं. एका ऑपरेटरच्या फाइलझिलात जुना पासवर्ड साठवलेला होता आणि ती आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. सगळ्यांचा बाहेरचा आयपी एकच. मोबाइल इंटरनेटवर तर एका आयपीमागे अनोळखी शेकडो माणसं असतात. स्थिर आयपी असलेल्या ग्राहकांना या रोखण्यातून वगळलं, बाकीच्यांसाठी मर्यादा सैल करून रोखण्याचा काळ कमी केला. किल्लीवाल्या खात्यांना या कुंपणाची फारशी गरजही नाही.

आणि एक अस्सल मराठी अडचण. एका संपादकाची फाइल चढेचना; एरर काहीतरी भलताच. फाइलचं नाव म्हणजे लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव, 'दुरुस्त', 'अंतिम' आणि 'खरंच अंतिम'. लिनक्सच्या फाइल प्रणालीत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं, त्यात काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची. विंडोजवर हेच नाव बिनतक्रार चालतं. सूचनापत्रात 'नाव एका ओळीत मावेल एवढंच' ही ओळ वाढली.

काय वेगळं करता आलं असतं

मेमध्येच, त्या फोननंतर, जुन्या एफटीपीवर प्रत्येकाला वेगळा युजर देता आला असता. तो एका दुपारचा उद्योग होता. गाइडचं प्रकरण पासवर्ड उघड्यावर गेल्यामुळे घडलं नव्हतं, सगळ्यांना एकच खातं असल्यामुळे घडलं होतं. नव्या, नीटनेटक्या सर्व्हरची वाट पाहत चार महिने पतसंस्थांच्या याद्या त्याच सामायिक दारामागे राहिल्या. हंगामाचं कारण खरं होतं, पण वेगळ्या युजरसाठी हंगाम थांबवावा लागला नसता.

अर्धवट फाइलची चाचणी फक्त विनएससीपीने घेतली गेली होती. ग्राहक खरोखर काय वापरतात याची यादी आधी केली असती तर फाइलझिला पहिलीच निघाली असती.

जुन्या फाइली किती दिवस ठेवायच्या हे सुरुवातीलाच लिहून द्यायला हवं होतं. नव्या सर्व्हरवरून ६० दिवसांनी फाइल काढली जाते. जुना सर्व्हर बंद करण्यापूर्वी सगळ्यांना विचारलं तेव्हा कळलं की एक प्रकाशक त्याला स्वतःचं कपाट समजून बसला होता. मागच्या काही अंकांच्या मूळ फाइली फक्त तिथेच होत्या. त्या त्याला परत दिल्या. बाकीची हार्ड डिस्क पुसायची की नाही, यावर मालक आणि मुलगा यांचं अजून एकमत झालेलं नाही.

खात्याची मालकी कुणाची, हा प्रश्नही उरला आहे. खातं प्रकाशकाच्या नावाने आहे, वापरतो त्याचा डीटीपीवाला, आणि डीटीपीवाले वर्षा-दोन वर्षांनी प्रकाशक बदलतात. त्यातले काही आता प्रतिस्पर्ध्याकडे आहेत, जुनी किल्ली खिशात घेऊन. ऑपरेटर बदलला की छापखान्याला कळवावं, असं पत्र दर गुढीपाडव्याला पाठवायचं ठरलं आहे. पहिल्या पत्राला निम्म्यांनी उत्तर दिलं. ज्यांचं उत्तर नाही त्यांची खाती गोठवावीत असा सल्ला दिला आहे. ताई म्हणतात, आधी फोन करून बघू.